लष्कर बोलवा म्हणता. पण बोलावणार कोण?

बेळगावात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन जवळ आले की हलग्याकडच्या रस्त्यावर पोलिसांच्या गाड्या वाढतात. कोगनोळी नाक्यावर बॅरिकेड लागतात, मराठी भाषकांच्या महामेळाव्याला परवानगी नाकारल्याची बातमी येते. मग आमच्याकडच्या सभांत, चहाच्या टपरीवर आणि व्हॉट्सॲपवर एक मागणी हटकून डोके वर काढते. कर्नाटक पोलिसांवर भरवसा नाही, सीमाभागात केंद्रीय राखीव दल आणा. तेही जमत नसेल तर सरळ मिलिटरी उतरवा. याच मागणीचे सभ्य रूप २६ डिसेंबर २०२२ ला उद्धव ठाकरे यांनी विधान परिषदेत मांडले: सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत हा भाग केंद्रशासित करा. त्यासाठी संसदेचा कायदा लागेल, तो आज कोण करील, हे प्रश्न वेगळे. चौकात मात्र त्या मागणीचा एकच अर्थ घेतला गेला, पोलीस दिल्लीचे येतील आणि आपल्याला न्याय मिळेल. माझे भांडण या समजुतीशी आहे.

मी सीमाभागातलाच. सीमाप्रश्न महाराष्ट्राच्या बाजूने सुटावा याच मताचा, आणि म्हणूनच या मागणीला विरोध करणे मला गरजेचे वाटते. कारण ही मागणी ऐकायला कडक असली तरी आपल्या हातात काहीच देत नाही, उलट दिल्लीला हात झटकायची सोय करून देते.

तक्रार खोटी आहे असे मी म्हणत नाही. जून १९८६ मध्ये कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनावर गोळ्या चालल्या, त्यातल्या हुतात्म्यांचे स्मारक हिंडलग्याला उभे आहे. त्याच आंदोलनात शरद पवार आणि छगन भुजबळ यांना वेश पालटून बेळगावात शिरावे लागले होते. जुलै २०१४ मध्ये येळ्ळूरच्या वेशीवरचा ‘महाराष्ट्र राज्य’ असा फलक उच्च न्यायालयाच्या आदेशाने काढला गेला. आदेश फलक काढण्याचा होता. पण लोकांनी तो पुन्हा उभा केल्यावर पोलिसांनी जो लाठीमार केला, तो घरांच्या उंबऱ्याच्या आतपर्यंत पोचला. घरात घुसून माणसांना मारायला कोणत्या न्यायालयाने सांगितले होते, याचे उत्तर कुणी दिलेले नाही. ६ डिसेंबर २०२२ ला हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले, काचा फुटल्या. इकडे पुण्यात कर्नाटकच्या एसटीला काळे फासले गेले. त्या आठवड्यात महाराष्ट्राच्या दोन मंत्र्यांचा बेळगाव दौरा बंदी हुकमामुळे बारगळला. एवढे सगळे डोळ्यांसमोर असताना ‘हे पोलीस तटस्थ नाहीत’ असे म्हणणाऱ्याला मी वेडा ठरवणार नाही.

पण त्याच्या निदानात खोट आहे. गणवेश बदलला की गोळी चालत नाही, असे तो धरून चालतो. आपल्याच हुतात्म्यांचा इतिहास त्याला दुजोरा देत नाही.

१७ जानेवारी १९५६. आदल्याच दिवशी पंडित नेहरूंनी आकाशवाणीवरून राज्य पुनर्रचनेचा निर्णय सांगितला होता. बेळगाव म्हैसूरकडे जाणार हे कळताच बेळगाव आणि निपाणी पेटली आणि गोळीबारात माणसे पडली. निपाणीच्या कमळाबाई मोहिते त्यातल्याच. दर १७ जानेवारीला आपण त्यांना अभिवादन करतो. पण त्या दिवशी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात नव्हता. तो मुंबई राज्यात होता, मुख्यमंत्री मोरारजी देसाई होते आणि गोळी झाडणारे पोलीस मुंबई राज्याचे होते. आज ज्या राज्यात जायचे म्हणून आपण झगडतो, त्याच्या पूर्वसुरीचे पोलीस! आणखी एक गंमत, म्हणजे कडू गंमत. त्याच भाषणात नेहरूंनी मुंबई शहर केंद्रशासित करण्याचे जाहीर केले होते. तेव्हा दिल्लीचे राज्य नको म्हणून महाराष्ट्र उभा पेटला, चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडले. तेच औषध आता बेळगावला पाजायला निघालेल्यांनी निदान त्या बाटलीवरची तारीख तरी वाचावी.

निपाणीचा दुसरा दाखला याहून बोलका आहे, आणि आपण तो सीमाप्रश्नाच्या व्यासपीठावर कधी काढत नाही. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी पुणे-बेंगळूर महामार्गावर ठाण मांडले. रस्त्यावरच वस्ती उभी राहिली, तिला आंदोलननगर म्हणत. मागणी भाषेची नव्हती. तंबाखूला भाव द्या, व्यापाऱ्यांची लूट थांबवा, एवढेच म्हणणे होते. रस्त्यावर बसलेल्यांत मराठी बोलणारे होते तसे कानडी बोलणारेही होते. ६ एप्रिलला तळ उठवायला पोलीस आले आणि गोळीबारात शेतकरी मारले गेले. गुंडूराव सरकारच्या त्या गोळ्यांनी कुणाची मातृभाषा विचारली नाही. सरकारला रस्ता मोकळा करून हवा होता आणि तसा हुकूम सुटला होता. हुकूम सुटला की तो पाळणारा खाकी असो की हिरव्या कपड्यातला, समोरच्या माणसाच्या दृष्टीने फरक फार थोडा उरतो.

हुकूम कोण सोडतो, हा या वादातला कळीचा मुद्दा. आणि लष्कराच्या मागणीत नेमका तोच गाळलेला असतो.

पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे राज्याच्या सूचीतले विषय. बेकायदा जमाव पांगवायला लष्कराची मदत घ्यायची तर पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे १३० वे कलम होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १४९ वे आहे. दोन्हींचा गाभा एकच: मागणी करायची ती जागेवरच्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याने. नव्या कायद्यात जिल्हा दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी असे स्पष्टच आहे. दंडाधिकाऱ्याशी संपर्कच होत नसेल तेव्हा लष्करी अधिकाऱ्याला आपल्या अधिकारात जमाव पांगवता येतो. पण संपर्क झाला रे झाला की पुन्हा त्याच्या सांगण्याप्रमाणे. आता बेळगाव जिल्ह्याचा जिल्हा दंडाधिकारी कोण? आपल्या बोलण्यातला ‘डीसी’. बंदी हुकूम काढणारा, मंत्र्यांना वेशीवर थांबवणारा. ज्याच्या विरोधात आपल्याला संरक्षण हवे आहे, त्याच्याच सहीने फौज येणार आणि त्याने दाखवलेल्या जमावावर उभी राहणार. महामेळाव्याच्या दिवशी त्याने दाखवलेला जमाव कोणता असेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

यावर हुशार माणसे म्हणतात, राज्याला विचारायचेच कशाला? १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने केंद्राला आपली दले राज्यात नेमण्याचा विषय स्वतःच्या सूचीत मिळाला आहे, ३५५ वे कलम आहे, केंद्राने परस्पर पाठवावे. पाठवता येते, नाही असे नाही. पण पुढे काय होते तेही पाहा. नोव्हेंबर १९९२ मध्ये केंद्राने उत्तर प्रदेश सरकारच्या मर्जीविरुद्ध निमलष्करी दले अयोध्येजवळ आणून ठेवली. ६ डिसेंबरला ती फैजाबादच्या तळावर होती. निघालेल्या तुकड्यांना राज्याच्या दंडाधिकाऱ्याने वाटेतूनच परत फिरवले. बंदुका केंद्राच्या, सही राज्याची. त्या दिवशी कशाचे वजन जास्त ठरले ते देशाने पाहिले.

ईशान्येकडचे उदाहरण तर सीमावादाचेच आहे, आणि ‘तटस्थ दल’ म्हणणाऱ्यांचे ते आवडते. २६ जुलै २०२१ ला आसाम आणि मिझोरामच्या पोलिसांत लैलापूर-वैरेंगटे भागात गोळीबार झाला. एका राज्याच्या पोलिसांच्या गोळ्यांनी दुसऱ्या राज्याचे सहा पोलीस मेले. त्यानंतर तिथल्या महामार्गावर केंद्राचे तटस्थ दल नेमायचे ठरले, हे खरे. पण त्या दिवशीही तिथे केंद्रीय राखीव दलाची चौकी होती. आसामचे पोलीस ती ओलांडून जबरदस्तीने आत आले, अशी मिझोरामच्या गृहमंत्र्यांची तक्रारच होती. आसाम-नागालँड सीमेवर केंद्राचे दल कित्येक दशके बसलेले आहे. १९८५ मध्ये मेरापानीला दोन राज्यांचे पोलीस एकमेकांवर तुटून पडले. १९८८ मध्ये आसाम सर्वोच्च न्यायालयात गेले. ऑगस्ट २०१४ मध्ये गोलाघाट जिल्ह्यातल्या उरियामघाटला गावकरी मारले गेले, घरे जळाली, तेव्हा लोकांचा राग त्या तटस्थ दलावरही होता, की तुम्ही उभे राहून बघत काय होता. दल आहे, दावाही आहे, निकाल नाही. आसाम आणि मेघालय यांनी मार्च २०२२ मध्ये बारांपैकी सहा जागांचा वाद करार करून मिटवला. तो चर्चेच्या टेबलावर मिटला, छावणी टाकून नव्हे. (पुढे त्याच वर्षी मुक्रोहला उरलेल्या भागात सहा माणसे मेली, म्हणजे करारही जादूची कांडी नाही, हे मान्य.)

आता आपल्या वादाकडे या. सीमावादावरचा १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल कर्नाटकाने उचलून धरला, महाराष्ट्राने नाकारला, २००४ पासून आपला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि इतक्या वर्षांत आपल्याकडे दिल्लीवर दबाव आणायला एकच गोष्ट शिल्लक राहिली आहे: हा प्रश्न दिल्लीला मधूनमधून त्रास देतो. डिसेंबर २०२२ मध्ये तो झाला म्हणूनच अमित शहांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना बोलावून घेतले. उद्या राखीव दलाच्या दोन-चार तुकड्या कोगनोळीला आणि हिरेबागेवाडीला बसल्या, दगड पडायचे थांबले, तर गृहमंत्रालयाच्या दृष्टीने बेळगाव ‘शांत’ झाले. फाइल खाली जाईल. नागालँडच्या वेशीवर तशी ती गेलेलीच आहे.

शिवाय फौज उभी करायची कुठे? आपल्या सीमेला रेघ नाही. निपाणीचा माणूस दुखणे मोठे झाले की कोल्हापूरच्या दवाखान्याचा रस्ता धरतो. चंदगड तालुका महाराष्ट्रात, पण बाजारहाट, कॉलेज, दवाखाना बेळगावात. शिनोळी महाराष्ट्रात, तिथल्या कारखान्यांत बेळगावकडची पोरे रोज कामाला येतात, आणि बेळगावात मेळाव्याला बंदी झाली की आपले पुढारी त्याच शिनोळीत येऊन रस्ता रोखतात. करोनाच्या काळात कर्नाटकाने कोगनोळीला चाचणीच्या दाखल्यासाठी नाका बसवला होता, तेव्हाचे दृश्य ज्यांनी पाहिले ते विसरणार नाहीत. महामार्गावर गाड्यांची रांग, पोलीस काचेतून कागद बघतायत. आणि कागलकडून आलेल्या बाया पिशव्या घेऊन खाली उतरून शेतातल्या पाऊलवाटेने पलीकडे चालल्यात, पोरगे मोटरसायकल ढकलत मागून येतेय, पलीकडे वडापवाला हॉर्न देत उभा. फौज बसली तर ती याच बायांच्या पिशव्या उघडणार आहे. दगड मारणारा त्या दिवशी घरी बसेल. लोक अमेरिकेचा दाखला देतात. पण तिथेही १८७८ च्या कायद्याने लष्कराला पोलिसाचे काम करायला मज्जाव आहे. २०१८ मध्ये मेक्सिकोच्या सीमेवर पाठवलेले सैनिक कुणाला अटक करू शकत नव्हते, ते काटेरी तार ओढत बसले. आपल्या उसाच्या फडातून तार ओढून घ्यायची हौस कुणाला आहे का?

आता त्या युक्तिवादाकडे येतो जो कुणी छापून मांडत नाही, पण भाषण रंगले की हमखास येतो. बेळगावात मराठा सेंटर आहे, आपले मराठे जवान रस्त्यावर उतरले की बघा मग! टाळ्या पडतात. मला या वाक्याची चीड येते.

मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर १९२२ पासून बेळगावात आहे. कॅम्पातल्या रस्त्यांवर पहाटे धावणारी पोरे, सुट्टीला निघालेले, ट्रंक खांद्यावर घेऊन बसस्टँडवर उभे राहणारे जवान, हे शहराच्या अंगवळणी पडलेले आहे. सातारा, सांगली, कोल्हापूरची पोरे तिथे जास्त हे खरे. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीसारख्या गावात तर घरटी सैनिक. पण कर्नाटकातली पोरेही त्याच रेजिमेंटमध्ये आहेत, आणि ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही युद्धघोषणा त्यांच्याही तोंडी आहे. ती घोषणा त्यांना कुणी सक्तीने शिकवलेली वाटत नाही, कारण लढाईच्या तोंडावर ती त्यांची झालेली असते. सीमाभागात मराठी-कानडी एका हाकेवर उठतात अशी जागा कुठे शिल्लक असेल तर ती परेडचे मैदान. त्या जवानाला शपथ संविधानाची. त्याला धर्मवीर संभाजी चौकात उभे करून ‘आमच्या बाजूने बघ’ म्हणायचे, म्हणजे त्याने शपथ मोडावी अशी अपेक्षा करायची. आणि तो मोडणार नाही. डीसीने दाखवलेल्या जमावाकडे तोंड करून उभा राहील. मग आपण त्यालाही गद्दार म्हणणार का? तिकडच्या संघटनाही उद्या म्हणतील, मराठा सेंटर बेळगावातून हलवा, हे दल एका बाजूचे आहे. त्यांना तो मुद्दा आपणच का पुरवायचा?

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात याच सेंटरचे जवान बेळगाव जिल्ह्यातल्या बुडालेल्या गावांत होडी घेऊन गेले. कुठल्या घरातून मराठीत हाक आली आणि कुठून कानडीत, याची नोंद कुणी ठेवली नाही. नागरी प्रशासनाला लष्कराची मदत म्हणतात ती अशा वेळेसाठी. शहर खरोखर पेटले, पोलिसांच्या हातातून गेले, तर त्या रात्रीपुरते लष्कर बोलवावेच. त्याला माझा विरोध नाही. सत्तर वर्षांचा वाद हा मात्र एका रात्रीचा दंगा नव्हे.

मग खरे दुखणे कुठे आहे? लाठी वर्षातून दोन-चार दिवस पडते. कागद वर्षभर पडतो. बंदी हुकूम निघतो. अधिवेशनाला, काळ्या दिनाला, कुणी पाहुणा येणार असला तरी. कार्यकर्त्यांकडून शांतता राखण्याचे बाँड लिहून घेतले जातात. मेळाव्यानंतर गुन्हे दाखल होतात आणि तारखांना जाता जाता पोरांची उमेदीची वर्षे निघून जातात. यातला एकही कागद लष्कर लिहीत नाही किंवा फाडत नाही. फौज चार दिवसांनी बराकीत परत गेली की एफआयआर त्याच ठाण्यात, तपास त्याच फौजदाराकडे. केंद्रीय दल आले तरी गुन्हा नोंदवणे स्थानिक पोलिसांकडेच राहते.

या कागदाशी लढायला साधने आहेत, ती आपण वापरत नाही. १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की १४४ कलमाचा वापर मत किंवा गाऱ्हाणे मांडण्याचा कायदेशीर हक्क दाबण्यासाठी करता येणार नाही, हुकमात कारणे दिली पाहिजेत, तो प्रसिद्ध केला पाहिजे, आणि तेच तेच हुकूम पुन्हा पुन्हा काढणे हा अधिकाराचा दुरुपयोग आहे. १४४ चे आता १६३ झाले, निकाल तोच लागू. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून जास्त असतील तिथे सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे १९५६ पासूनचे केंद्राचे धोरण आहे. भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांचे विभागीय कार्यालय एकेकाळी बेळगावातच होते. तरी भिंतीवर चिकटवलेला बंदी हुकूम ज्यांना घरी बसवतो, त्यांतल्या कित्येकांना तो वाचताच येत नाही. १४ डिसेंबर २०२२ च्या दिल्लीतल्या बैठकीत दोन्ही राज्यांचे तीन-तीन मंत्री आणि कायदा-सुव्यवस्थेसाठी ज्येष्ठ आयपीएस अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली समिती, असे ठरले होते. लोकांना आणि व्यापाऱ्यांना त्रास होऊ नये, हेच तिचे काम होते. तटस्थ पंच हवा म्हणणाऱ्यांना दोन राज्यांनी आणि केंद्राने मान्य केलेला पंच तेव्हाच मिळाला होता. नागपूरच्या अधिवेशनात २७ डिसेंबरला एकमताने ठराव करणाऱ्या आमदारांपैकी कितीजणांनी नंतर त्या समितीच्या बैठकांचा हिशेब मागितला?

महामेळाव्याचा अर्ज ऐनवेळी द्यायचा, नकार आला की शिनोळीला जाऊन फोटो काढायचे, हा क्रम मोडायला हवा. अर्ज सप्टेंबरातच द्या. जागा व्हॅक्सिन डेपोचीच मागा, किती माणसे, किती वेळ, स्वयंसेवकांची नावे सगळे लिहून द्या. नकार मराठीत आणि कारणांसह लेखी मागा. तो मिळाला, किंवा मिळालाच नाही, तरी अधिवेशनाच्या आधी महिनाभर हातात असेल, आणि उच्च न्यायालयाचे धारवाड खंडपीठ बेळगावपासून दोन तासांच्या आत आहे.